तुमच्या घराचं पाणी किती फुटाला?
वाचकांचे प्रश्न : पूर, पाणी, ऊन

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे कोल्हापूर भागातून पंचगंगेच्या पुराबद्दल पत्रं येतात, ती यंदाही आली. सोबत ऊस, विहिरी, म्हशी, फौंड्रीतला उकाडा आणि विम्याचेही प्रश्न आले. बहुतेकांच्या मुळाशी तापणारी हवा आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते बाष्प गगनबावडा-राधानगरीच्या डोंगरावर थोड्या दिवसांत कोसळतं. वर्षाची सरासरी फारशी हलली नाही तरी चार दिवसांचं पाणी दोन दिवसांत येतं. उत्तरं स्थापत्य, शेती, पशुवैद्यक आणि आरोग्य या कामांतल्या मंडळींनी दिली आहेत.

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत राहतो. बातम्यांत ३९ फूट, ४३ फूट सांगतात. ४३ झाले तरी आमच्या दारात पाणी नसतं, आणि २०१९, २०२१ ला मात्र सामान उचलायलाही वेळ मिळाला नाही. नेमकं कधी हलायचं?

उत्तर : ३९ फूट ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. दोन्ही आकडे नदीचे आहेत. तुमच्या उंबऱ्याचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो, आणि त्याला एक दुपार पुरते.

२०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या थोडं वर गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ च्या वर. त्या वेळची चिखलाची रेघ घराच्या, जिन्याच्या किंवा शेजारच्या एखाद्या न रंगवलेल्या भिंतीवर अजून सापडते. ती घरातल्या फरशीपासून किती उंच आहे ते मोजा. समजा २०२१ ची रेघ ४ फुटांवर आहे. ५६ वजा ४, म्हणजे बंधाऱ्यावर ५२ झाले की पाणी तुमच्या फरशीला लागतं. २०१९ च्या रेघेवरून तेच गणित करून पाहा. दोन उत्तरांत फूटभराचा फरक आला तर कमी असलेला आकडा धरा. रेघ शेजाऱ्याकडे असेल तर गवंड्याची लेव्हलची नळी आणून ती उंची तुमच्या भिंतीवर घ्या. डोळ्यांनी अंदाज करू नका. उताराच्या गल्लीत डोळा सहज दीड फूट फसवतो.

हा आकडा अंदाजाचा आहे हेही लक्षात असू द्या. नदीचं पाणी बंधाऱ्यापासून तुमच्यापर्यंत एका सपाट रेषेत नसतं. शाहूपुरी, व्यापारी पेठ, कुंभार गल्ली या भागांत तर पाणी नदीच्या बाजूने येतच नाही, जयंती नाल्यातून उलटं चढतं आणि गटारीच्या तोंडातून वर येतं. म्हणून आलेल्या आकड्यातून दोन फूट वजा करून ठेवा. ५२ आला असेल तर तुमचा आकडा ५०.

आता बहुतेक जण जे विसरतात ते. घर बुडण्याआधी रस्ता बुडतो. घरापासून बाहेर पडायच्या वाटेवरचा सर्वांत खोल भाग शोधा आणि त्याचाही आकडा याच पद्धतीने काढा. चिखली-आंबेवाडीला गाव कोरडं आणि रस्ता पाण्याखाली ही अवस्था नेहमीची आहे. शहरातही सखल चौक आधी जातो. दोन्हींपैकी जो आकडा लहान, तोच तुमचा. त्याच्या ५ फूट आधी जड सामान आणि कागदपत्रं वर. ३ फूट आधी म्हातारी माणसं, आजारी माणसं, बाळंतीण आणि जनावरं बाहेर. आकड्याला पोचण्याआधी मेन स्विच बंद करून तुम्हीही बाहेर. हे तीन आकडे मीटरच्या पेटीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा.

वेग किती असेल हे विचारू नका, दर पुराला तो वेगळा असतो. नदी काठ सोडून पसरली की चढण मंदावते, त्यामुळे ४५ नंतर माणसं निर्धास्त होतात. पण राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण पूर्ण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून सुमारे १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी भोगावतीत, म्हणजे पुढे पंचगंगेत येतं. त्यामुळे ‘राधानगरी भरलं’ ही बातमी आली की यापुढे पडणारा पाऊस धरण अडवणार नाही, असा तिचा अर्थ घ्यायचा. कुंभी, कासारी, तुळशीच्या खोऱ्यात तेव्हाच जोर असेल तर रात्रीची वाट पाहू नये.

प्रश्न : तळमजल्याच्या दारांना पक्का बांध घालून पाणी बाहेर थोपवता येईल का? मिस्त्री म्हणतो, ४ फुटांची भिंत बांधू. वीज, संडास यांचं काय करावं?

उत्तर : फूट-दीड फुटापर्यंत दाराला फळी आणि वाळूची पोती लावून पाणी थोपवता येतं. तीन फुटांच्या वर थोपवू नका. पाण्याचा एकूण धक्का उंचीच्या वर्गाने वाढतो : ३ फूट पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ४०० किलोने ढकलतं, ६ फूट पाणी १,६०० किलोने. उंची दुप्पट झाली की धक्का चौपट होतो. आत कोरडं आणि बाहेर ५ फूट पाणी असेल तर ९ इंची विटांची भिंत आत कोसळू शकते. तेवढं पाणी येणार असेल तर ते घरात येऊ द्यावं, आत-बाहेर सारखं राहू द्यावं. मिस्त्रीचे पैसे वाचले, ते विजेवर खर्च करा.

वायरिंग खालून वर न्यायच्या ऐवजी छतातून खाली उतरवा. तळमजल्याचे सगळे बोर्ड २०२१ च्या रेघेच्या वर फूटभर, आणि तळमजल्याला स्वतंत्र एमसीबी. म्हणजे खालचं बंद करून वरच्या मजल्यावर दिवा आणि मोबाइल चालू ठेवता येतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या भिंतीतून करंट गळला की तो क्षणात तोडतो. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती जागा सगळ्यात आधी बुडते. मीटर वर हलवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज करावा लागतो, सील आपण तोडायचं नाही.

संडासाच्या चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा. पूर येण्याआधी त्याचं झाकण उघडून फडकी, केस, प्लॅस्टिक काढा, नाहीतर झडप अर्धी उघडी राहते आणि मैला घरात येतो. व्हॉल्व्ह नसेल तर भांड्यात जाड प्लॅस्टिक घालून त्यावर वाळूचं पोतं. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा आणि तो उभाच साखळीने बांधा, पाण्यात सिलिंडर तरंगतो.

पाणी ओसरल्यावर तळघर एका झटक्यात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, आतला आधार गेला की भिंत आत येते. फूटभर उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पाणी पुन्हा चढलं तर बाहेरचं पाणी उतरायची वाट पाहा. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरं पुरात उभी राहतात आणि ऊन पडल्यावर दोन-चार दिवसांनी बसतात. अशा घरात ओसरल्याबरोबर झोपायला जाऊ नये. वीज सुरू करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून मेगरने (वायरिंगची गळती मोजणाऱ्या यंत्राने) तपासणी करून घ्या. फ्रीज, मोटर ‘वाळली असेल’ म्हणून लावून पाहणं यातच बहुतेक जळतात.

प्रश्न : आमच्या तालमीची पोरं पुरात जीव टाकून काम करतात, पण सगळं ऐन वेळी. आधी काय करून ठेवता येईल?

उत्तर : पोरांना बोटीची हौस असते आणि यादीचा कंटाळा. यादीच जास्त जीव वाचवते. मे महिन्यात गल्लीत घरोघर जाऊन सहा गोष्टी लिहा : अंथरुणाला खिळलेलं माणूस, डायलिसिसचा रुग्ण आणि त्याचे वार, ऑक्सिजनवरचं माणूस, गरोदर बाई आणि तिची तारीख, एकटं राहणारं म्हातारं माणूस, आणि जनावरं किती. प्रत्येक नावापुढे नेणारा कोण आणि कुठं नेणार हे लिहा. डायलिसिसवाल्याला नदीच्या कुठल्या बाजूला ठेवायचं हे हॉस्पिटलवरून ठरतं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो हे २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा दिसलं आहे. यादी कागदावर दोन ठिकाणी ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते.

वर सांगितलेल्या पद्धतीने गल्लीतल्या विजेच्या खांबांवर पातळीचे पट्टे मारले तर प्रत्येक घराने वेगळं मोजायची गरज नाही. एका खांबावर ‘राजाराम ५०’, दुसऱ्यावर ‘राजाराम ५२’. खांब महावितरणचे, तेव्हा आधी विचारून घ्या, किंवा तालमीची स्वतःची भिंत वापरा. गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग लाइफ जॅकेट, दोर, हेडलॅम्प यांना काढून ठेवला तर कुणी नाही म्हणणार नाही. पोहता येणाऱ्या पोरांनीही जॅकेटशिवाय उतरू नये. पुराच्या पाण्यात उघडी मॅनहोल असतात, आणि ज्याला पोहता येतं तोच उतरतो म्हणून तोच अडकतो. पायाला जखम असलेल्यांना चिखलात उतरवू नका. लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) गोळी कुणी, किती घ्यायची हे आरोग्य केंद्रातला डॉक्टर सांगेल, पुडी वाटत फिरू नये.

प्रश्न : खरं सांगा, पूर आलमट्टीमुळे येतो की हवामान बदलामुळे?

उत्तर : दोन्हींपैकी एकच बोट दाखवायचं असेल तर आम्ही दाखवणार नाही. कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ पर्यंत नेण्याची कर्नाटकची मागणी आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं मुख्य कारण म्हणून आलमट्टीला धरलं नाही, आणि शिरोळ-नृसिंहवाडीच्या लोकांना ते पटलेलं नाही. हा वाद चालू राहील. पण कोल्हापूर शहराच्या वरच्या बाजूला पडलेला पाऊस, पूररेषेतली भरावावरची बांधकामं आणि पाणी अडवणारे उंच रस्ते यांच्याशी आलमट्टीचा संबंध नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, मधला पट्टा नियंत्रित. २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर दोन वर्षांच्या अंतराने आले, २०२४ च्या जुलैअखेर पाणी पुन्हा ४७ फुटांच्या पुढे गेलं. जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या रेषा आता बाहेर सरकवाव्या लागतील. प्लॉट घेताना विकणाऱ्याला ‘पाणी येतं का’ असं विचारू नका, पूररेषेच्या नकाशावर गट नंबर स्वतः बघा. आणि रस्ता उंच करा अशी मागणी करताना त्याखाली मोऱ्या किती, कमानी किती हेही विचारा. भराव टाकून उंच केलेला रस्ता म्हणजे बिनदरवाजाचं धरण.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात नदीकाठी मळीचं रान आहे. आडसाली उसात दोनदा मार खाल्ला. ऊस सोडावा का?

उत्तर : ऊस सोडायच्या आधी लागणीचा महिना सोडा. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लावतात. म्हणजे पुराच्या महिन्यात रानात कांडी किंवा वीतभर कोंब असतो, आणि तोडणी दीड वर्षाने असल्यामुळे पीक दोन पावसाळे बघतं. उंच रानात हा हंगाम उत्तम, मळीत तोच जुगार. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावला की जुलैला तो आठ-नऊ महिन्यांचा, माणसाच्या वर गेलेला असतो आणि पुढच्या पुराआधी कारखान्यात जातो. सुरू, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची लागण, जुलैला सहा महिन्यांची; चालते, पण पूर्वहंगामीइतकी सुरक्षित नाही. टनेज थोडं कमी येईल हे मान्य करूनच हा हिशोब करायचा.

उसाचा जीव शेंड्यात असतो. बुडाला आठवडाभर पाणी थांबलं आणि शेंडा वर असेल तर ऊस तगतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात (शेंड्यातल्या गुंडाळलेल्या पानांत) गाळ बसला की वाढीचा कोंब कुजतो. बाहेरून पानं हिरवी दिसतात, म्हणून पंचनाम्याला आलेल्याला पोंगा ओढून दाखवावा. कुजलेला असेल तर तो हातात येतो आणि घाण वास मारतो. शेंडा गेलेल्या उसाला डोळ्यांतून पांगशा फुटतात, त्या साखर खातात. असा ऊस आणि लोळलेला ऊस पहिल्या पाळीत तुटावा म्हणून कारखान्याच्या गटाफिसात (गट कार्यालयात) लेखी अर्ज ऑगस्टमध्येच द्या, डिसेंबरमध्ये नाही.

पाणी उतरल्यावर पहिलं काम चर काढण्याचं. दुसरं, शेंडा जिवंत असेल तर साध्या पाण्याच्या फवाऱ्याने पोंग्यातला गाळ धुणं. खत टाकायची घाई सगळे करतात, पिवळा ऊस बघून हात राहत नाही. वाफसा येईपर्यंत (जादा पाणी निघून मातीत हवा खेळेपर्यंत) मुळं गुदमरलेली असतात, ती काही उचलत नाहीत, आणि पाणथळ मातीतला नत्र वायू होऊन उडून जातो. वाफशानंतर नत्र आणि पालाशची हलकी मात्रा, तीही दोन हप्त्यांत. पुरात बुडालेला ऊस बेण्याला वापरू नका. लाल कूज कांडीच्या आत असते. कांडी उभी चिरली तर लाल पट्ट्यात आडवे पांढरे डाग दिसतात.

सरकारी मदत ३३ टक्के आणि त्याहून जास्त नुकसानीला मिळते. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीक नोंदीत) ऊस नोंदवलेला नसेल तर पुढचं सगळं अडतं, म्हणून ती नोंद पुराची वाट न बघता करा. आणि एकरातला अगदी काठाचा पट्टा, जिथं दरवर्षी पाणी येतंच, तिथं ऊस नकोच. गवत किंवा वैरणीची बेटं लावा, ती माती धरतात.

प्रश्न : प्रयाग चिखलीला राहते. दोन म्हशी आहेत. २०२१ ला बाहेर काढल्या, पण दहा दिवस वैरणीचे हाल झाले. दूधही आटलं. काय करू?

उत्तर : ताई, पूर येतो तेव्हा उसाचं वाढं (तोडणीतली शेंड्याची पानं) नसतं आणि हिरवी वैरण पाण्याखाली असते. त्यामुळे वैरण उन्हाळ्यातच साठवावी लागते, आणि दोन म्हशींना मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) सोपा पडतो. एका म्हशीला दिवसाला १५ किलो धरा. दोन म्हशी, दहा दिवस, ३०० किलो. ५० किलोच्या सहा पिशव्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मका टोका. ७५ ते ८५ दिवसांनी कणसात चीक भरून दाणा घट्ट होऊ लागतो, तेव्हा कापा. कोवळा कापला तर पाणी जास्त होऊन आंबट घाण होते, जून झाला तर दाबून बसत नाही. कुट्टी पाऊण इंचाच्या आसपास. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडा : गोळा हळूहळू उलगडला आणि हात फक्त ओलसर झाला तर ओल बरोबर, पाणी गळलं तर अर्धा दिवस सुकवा. पिशवीत वीतभर थर घालून पायाने तुडवा, मग पुढचा थर. मुरघास बिघडतो तो हवेने, म्हणून कोपरे नीट दाबा. तोंड पिळून दोरीने दोनदा बांधा. ४५ दिवसांत तयार, म्हणजे जूनच्या शेवटी हाताशी. पिशव्या उंचावर, उंदरांपासून लांब ठेवा. छिद्र पडलं तर चिकटपट्टी लगेच. उघडल्यावर पिवळट-हिरवा आणि आंबटगोड वास हवा. काळी किंवा पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग नव्हे, त्याभोवतीचाही वीतभर फेकून द्या, गाभण म्हशीला तर अजिबात नको. पुराच्या आधीच आठवडाभर दोन-तीन किलोंपासून सवय लावा, एकदम दिला तर पोट बिघडतं.

घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यात. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, पाणी आल्यावर टोचून उपयोग नाही. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि म्हशीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नुकसानीच्या वेळी तोच विचारतात. बाहेर काढता आलं नाही तर दावं सोडून द्या. म्हैस पोहते, बांधलेली बुडते.

प्रश्न : विहिरीत पुराचं पाणी शिरलं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? गावात कुणी ओंजळभर म्हणतं, कुणी किलो.

उत्तर : आधी मोजा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५ : इतके लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ४ × ७८५, सुमारे २८,००० लिटर. नेहमीचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम. पुराच्या गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच संपतो, म्हणून शक्य असेल तर आधी विहीर उपसून गाळ काढा.

पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात लापशी करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. १० मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, चुना बाहेर टाका. निवळ पाण्याची बादली विहिरीत सोडून दोराने खालीवर हलवा. तासभर थांबून ओटी (ऑर्थोटोलिडीन द्रावणाची) टेस्ट करा : पहिल्या १० सेकंदांत पिवळा रंग आला तरच मोकळा क्लोरीन आहे. उशिरा येणारा पिवळेपणा धरू नका. रंग नाही आला तर तेवढाच डोस पुन्हा. ओटी टाकलेलं पाणी पिऊ नये. उघडं राहिलेलं टीसीएलचं पोतं महिन्याभरात अर्धमेलं होतं. झणझणीत वास नसेल तर दुसरं आणा.

प्रश्न : बाहेर सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, असं पुरात का होतं? किती साठवावं?

उत्तर : उपसा केंद्रं नदीकाठी असतात, पंप बुडाले की नळ थांबतो. माणशी दिवसाला १५ लिटर, पाच माणसं, सात दिवस : ५२५ लिटर. गच्चीवरची टाकी इशारा पातळीलाच भरून घ्या. पाऊस तर चालूच असतो : ५०० चौरस फूट गच्चीवर २० मिलिमीटर पडला की साडेसातशे लिटरच्या आसपास मिळतं. पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी सोडून द्या, बाकीचं कापडातून गाळून पिंपात. वापरायला तसंच, प्यायला चांगली उकळी फुटू देऊन.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. एप्रिल-मेमध्ये पोरं भोवळ येऊन पडतात. मालक पंखे लावून मोकळा.

उत्तर : हवा अंगापेक्षा गरम असेल तर पंखा गरम वाराच फेकतो, आणि भट्टीच्या झळा पंख्याने अडत नाहीत. झळांच्या आड पत्र्याचा चकचकीत पडदा उभा करा. छताच्या पत्र्याला दरवर्षी मार्चमध्ये, घासून धुऊन, पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात द्या. चुना स्वस्त पडतो, पण पहिल्या पावसात उतरतो. वितळवण आणि ओतकाम पहाटेच्या पाळीत घ्या.

सर्वांत जास्त पडतात ती नवी पोरं आणि सुट्टीवरून आलेली. उष्णतेची सवय व्हायला शरीराला आठवडा तरी लागतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उकाड्यातलं काम २० टक्केच, मग रोज २० टक्क्यांनी वाढवा. पाणी तहान लागण्याची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर. हंडा भट्टीपासून वीस पावलांच्या आत हवा, लांब असेल तर कुणी जात नाही. घाम फार गेला असेल तर ओआरएस. माणूस असंबद्ध बोलू लागला, चाल बिघडली, तर तो उष्माघात आहे. आधी थंड करायचं, मग न्यायचं : कपडे सैल, अंगावर पाणी, बर्फाची फडकी मान, काखा आणि जांघेत, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : व्यापारी पेठेत दुकान आहे. विमा आहे, पण पुराचे पैसे अर्धेच मिळाले. का?

उत्तर : बहुतेक वेळा माल ३० लाखांचा आणि विमा १५ लाखांचा असतो, मग नुकसानही त्याच प्रमाणात कापलं जातं. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे आणि १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. विम्याची रक्कम जुलैच्या सुरुवातीच्या साठ्यावर ठरवा. सणासाठी भरलेला माल नेमका पुराच्या तोंडावर दुकानात असतो. खरेदीची बिलं आणि साठ्याची नोंदवही मेलवर ठेवा. पाणी शिरलं की त्याच दिवशी कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका; कुजू लागला तर फोटो, वजन आणि कंपनीची लेखी परवानगी घेऊन मगच. घराला भारत गृह रक्षा घेतली तर तिच्यातही पूर आहे.

गाडीचं वेगळं आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहिली तर सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत देत नाहीत. त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. बुडालेल्या गाडीची बॅटरीची तार काढा आणि ती ओढून गॅरेजला न्या. चावी फिरवू नका.